त्या वर्षी मी तोडीला गेले नाही

गावच्या गायरानातला आमचा तुकडा सासऱ्यांनी दगड वेचून वेचून कसायला घेतला. आज तिथे पीक उभं राहतं, पण कागदोपत्री जमीन सरकारचीच. ती नावावर व्हावी म्हणून तहसीलला चकरा मारून आमच्या चपला झिजल्या. कबजा दाखवा, पीक दाखवा, एवढंच तिथे ऐकायला मिळतं.

आणि आमची खोड अशी, की बाजरी निघाली की रान मोकळं टाकून ऊसतोडीला जायचं. परत यावं तर शेजारच्या पुढाऱ्याने बांध कोरून नांगराची आणखी चार तासं आपल्यात ओढलेली असायची. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारा माणूस, पण पीठ आम्हीच मांडून ठेवत होतो.

त्या दसऱ्याला मी ज्वारी पेरली आणि सांगून टाकलं, यंदा मी येत नाही. आमचे मालक चिडले. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटा गडी म्हणजे अर्धा.

"अर्ध्या कोयत्याला कोन इचारतंय? लोकं हसतील."

"हसू द्या. रान गेल्यावर रडायला कोन येनार हाय?"

ते एकटेच गेले. मला लई वाईट वाटलं, तरी मी हलले नाही.

कणसात दाणा भरला आणि एका सकाळी नांगर लावलेला ट्रॅक्टर बांधावर आला. मागच्या गाडीतून पुढारी उतरला.

"बाजूला व्हा बाई. जमीन सरकारची हाय."

"मग सरकारला येऊ द्या की. तुमी कशापायी आलात?"

मी ट्रॅक्टरपुढे बसले. ड्रायव्हर गावातलाच, त्याच्याही आईबापाचा गायरानात तुकडा. त्याने इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

"साहेब, उभ्या पिकात नांगर घालायला मला जमनार न्हाई. तुमीच घाला."

पुढारी सीटकडे बघत उभा राहिला. चढला मात्र नाही. थोड्या वेळाने गाडीत बसून निघून गेला.

जमीन अजून नावावर झालेली नाही, भांडण चालूच आहे. पण त्या दुपारी कारखान्यावरून मालकांचा फोन आला. त्यांच्या कानावर कुणीतरी घातलं होतं.

"मी निघून यिऊ का?"

"कशाला? मी हाय ना हितं. ठिवते आता, कणसावर पाखरं बसलीत."