नावाआधीचं एक अक्षर

इतिहासाच्या वर्गात निबंधाला विषय निवडायचा होता, तेव्हा मी ट्यूडर काळातली एक राणी आणि तिची मुलगी निवडली. दोघींमधली साम्यं लिहायची होती. निवडण्यामागे फार विचार नव्हता. बाकीच्या विषयांची वाक्यं पुन्हा पुन्हा वाचूनही मला नीट कळली नाहीत, आणि आई-मुलगी म्हटल्यावर वाटलं, एवढं तर आपल्याला माहीत आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आई दहावीपर्यंत शिकली, बाबा त्याच्याही आधी दुकानात कामाला लागले. निबंध कसा लिहायचा हे विचारायला घरात कुणी नव्हतं आणि वर्गात विचारायची मला लाज वाटायची.

अमेरिकेतल्या आमच्या एडिसन गावाहून कॉलेजला जाताना मी ट्रेनमध्ये वाचायचे. राणी मूळची स्पेनची. लहान वयात समुद्र ओलांडून इंग्लंडच्या थोरल्या राजपुत्राशी लग्न करायला आली. तो काही महिन्यांतच गेला. पुढे धाकट्याशी लग्न झालं, तो राजा झाला आणि ही राणी. पुष्कळ वर्षं संसार झाला. मुलं झाली आणि गेली, एक मुलगी तेवढी जगली. मग राजाला दुसरं लग्न करायचं मनात आलं. तो म्हणाला, आपलं लग्न हे लग्न नव्हतंच. तू माझ्या भावाची विधवा आहेस आणि यापुढे सगळे तुला तेच म्हणतील. राणीने ते मानलं नाही. त्या नावाने कुणी बोलावलं तर ती ओ देत नसे. मुलीचंही तेच. तिची राजकन्या ही पदवी काढून घेतली, तिला तान्ह्या सावत्र बहिणीच्या घरात नेऊन ठेवलं, तरी ती म्हणत राहिली की राजकन्या मीच. मायलेकींना एकमेकींना भेटू दिलं नाही. आई मरायला टेकली तेव्हासुद्धा नाही.

मी साम्यं लिहून काढली. दोघी हट्टी. दोघींची देवावर गाढ श्रद्धा. दोघींना मुलाची आस, दोघींच्या पदरी निराशा. शेवटी मला लिहायचं होतं, "मुलगी आईवर गेली होती." इंग्रजीत लिहिताना मी शब्दाला शब्द ठेवला. प्रोफेसरबाईंनी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि ऑफिसात बोलावून विचारलं, "आईवर कुठे गेली?"

समजावताना माझी तारांबळ उडाली. मी म्हणाले, आमच्याकडे असं म्हणतात, म्हणजे स्वभाव आईचा घेतला. त्या हसल्या, पण चांगलं हसल्या. मग म्हणाल्या, "तू लिहिलंयस ते बहुतेक खरं आहे. पण मला एक सांग. या दोघी सारख्या होत्या, की दोघींना एकाच कोपऱ्यात कोंडलं होतं?"

मी विचार करते म्हणाले. खरं तर मला प्रश्नच पुरता कळला नव्हता.

त्याच आठवड्यात लग्नाची पत्रिका आली. माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, आधी अमेरिकेत आले, चांगल्या नोकरीला लागले आणि मग त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. मी तेव्हा दुसरीत होते. आम्ही त्यांच्याच घरापासून जवळ भाड्याने राहायला लागलो. काकू नोकरी करायच्या, म्हणून माझ्या चुलत बहिणीला शाळेतून आणणं, खाऊ घालणं, वेण्या घालणं सगळं आईने केलं. ती इथेच जन्मलेली, पण आईशी मराठीत बोलायची, आईला "मोठी काकू" म्हणायची आणि लहानपणापासून सांगत आली होती, "माझ्या हळदीला तूच पहिली हळद लावायची."

पाकिटावर काकूंच्या अक्षरात आईचं नाव होतं. नावाआधी लिहिलं होतं, श्रीमती.

आईने ते वाचलं आणि पाकीट टेबलावर उलटं ठेवलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हायचंय? तुझे बाबा वारले वाटतं."

मला कळेना. "आई, श्रीमती म्हणजे मिसेस ना?"

"हिंदीत असेल. ऑफिसातल्या बायकाही लिहितात म्हणे आता. आमच्याकडे नवरा असलेली सौ. आणि गेलेली श्रीमती. तुझ्या काकूला पक्कं माहितीय."

बाबा अर्थातच जिवंत होते. ते देशाच्या दुसऱ्या टोकाला, रेडमंडला, एका भारतीय दुकानाचे मॅनेजर होते. आधी कामासाठी म्हणून गेले, मग तिथेच राहिले, मग कोर्टातून घटस्फोटाचे कागद आले. आईने कशालाच उत्तर दिलं नाही, तरी घटस्फोट झाला. इथे एकाने मागितला तरी होतो. बाबांनी तिकडे देवळात दुसरं लग्न केलं. आईने गळ्यातलं मंगळसूत्र काढलं नाही, कुंकू सोडलं नाही आणि इथल्या मराठी मंडळाच्या वर्गणीच्या पावतीवरसुद्धा सौ. लिहून घेत राहिली. मला त्याचा राग यायचा. मला वाटायचं, ज्या माणसाने सोडून दिलं त्याच्या नावाचं कुंकू कशाला? पण हे मी कधी बोलले नाही. मला बोलता येत नाही चटकन.

दोन दिवसांनी काकूंचा फोन आला, माझ्या नंबरवर.

"अगं, ऐक ना. हळदीला पाच सवाष्णी लागतात, जात्याला हात लावायला. नवऱ्यामुलाकडच्या बायकाही येणारेत. त्या विचारतील गं. वहिनींना जरा सांगशील? या म्हणावं, नक्की या, पण त्या जात्याचं तेवढं..."

"तुम्ही सांगा ना काकू."

"मी सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल."

"आणि मी सांगितलं तर?"

"तू मुलगी आहेस. आणि तू तर हिस्टरी शिकतेस, तुला नीट एक्सप्लेन करता येईल." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुझे बाबा हळदीला नाहीत, पण लग्नाला येतायत, तिला घेऊन. सगळंच ऑकवर्ड आहे यार. मी कुणाकुणाला सांभाळू?"

त्या वाईट नव्हत्या. त्यांनीच मला कॉलेजचे अर्ज भरायला मदत केली होती. म्हणूनच मला नाही म्हणता आलं नाही. हो पण म्हटलं नाही. "बघते," म्हणाले.

ट्रेनमध्ये त्या दिवशी मी पुढचं वाचलं. आई गेल्यावर काही महिन्यांनी त्या मुलीवर इतका दबाव आला की तिने सही केली. आपल्या आईचं लग्न हे लग्न नव्हतं, असं तिने लिहून दिलं. पुढे ती स्वतः राणी झाली तेव्हा लगेच तिने कायदा करून आईचं लग्न खरं ठरवलं. मला तिची बाजू घ्यावीशी वाटली. पण त्याच राणीने धर्मासाठी माणसं जिवंत जाळली होती. माझ्या निबंधातली "दोघी हट्टी" ही दोन शब्दांची ओळ मला अपुरी वाटायला लागली, पण तिच्या जागी काय लिहायचं ते सुचत नव्हतं.

आई ओक ट्री रोडवरच्या एका दुकानाच्या किचनमध्ये काम करते आणि शनिवारी घरी पोळ्यांच्या ऑर्डरी घेते. ती लाटत होती, मी भाजत होते. तव्याकडे बघत मी सांगून टाकलं. काकू काय म्हणाल्या ते जसंच्या तसं. "मी तुला जाऊ नको म्हणत नाहीये," असंही म्हणाले. "मला फक्त वाटलं, तिथे गेल्यावर कळण्यापेक्षा..."

आई लाटत राहिली. "त्यांचं चुकलं नाही काही. लोक विचारणारच."

"मग तू का धरून बसलीयस?" हे माझ्या तोंडून कसं गेलं कोण जाणे. "बाबा परत येणार नाहीत, आई."

"कुणाला हवेत तुझे बाबा?" ती म्हणाली. मला धक्काच बसला. "पोळी उलट, करपेल. मला नकोत ते. आले तरी नकोत. पण मी इथे कशाने आले? तुझ्यासारखी शिकून आले का? तुझ्या काकांसारखी नोकरी घेऊन आले? लग्न झालं म्हणून आले. गाव सोडलं, माझी आई गेली तेव्हा जाता आलं नाही, इथल्या थंडीत भांडी घासली, ती लग्न झालेली बाई म्हणून. आता ते लग्नच नव्हतं म्हणायचं, तर मग इतकी वर्षं मी इथे काय करत होते? पाहुणी होते?"

"नव्हतं असं कुणी म्हणत नाही, आई. संपलं म्हणतात."

"ते तुमच्या इंग्रजीत. आमच्यात सौ. काढलं की पुढे श्रीमतीच राहतं. मध्ये लिहायला दुसरं काही आहे का? असलं तर सांग, ते लावते."

मी विचार केला. इंग्रजीतला "डिव्होर्स्ड" मराठीत आणून बघितला, तर नावाआधी "घटस्फोटित" हा शब्द नुसता उघडा दिसत होता.

हळद काकांच्या बेसमेंटमध्ये होती. छोटं जातं पुण्याहून कुणाच्या तरी बॅगेतून आलं होतं आणि फरशीला ओरखडे पडू नयेत म्हणून बाथरूमच्या मॅटवर ठेवलं होतं. आई हिरवी साडी नेसून आली. काकूंनी तिला बघितलं आणि पटकन पुढे आल्या.

"वहिनी, बरं झालं आलात. जरा चहाचं बघता का वर? तो केटररवाला काही ऐकतच नाही."

"बघते," आई म्हणाली, "हे झाल्यावर." आणि जात्याजवळ बसली. तिथे चारजणी आधीच बसल्या होत्या.

नवऱ्यामुलाकडच्या एक बाई फोनवर काही तरी शोधायला लागल्या. माझी चुलत बहीण पाटावर बसून नुसतं बघत होती. काकू माझ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे भरले होते, राग होता की भीती मला कळलं नाही. "अगं, तू सांगितलं नाहीस का आईला? सांग ना."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आई बघत नव्हती. तिने जात्याचा खुंटा धरला होता. माझ्या मनात मोठी वाक्यं होती, सगळी इंग्रजीत, आणि एकही कामाचं नव्हतं.

"सांगितलं काकू," मी म्हणाले. "तरी ती बसलीय."

"आईवरच गेलीस," काकू म्हणाल्या.

जात्याजवळची एक बाई पदर सावरत उठली आणि दूर जाऊन उभी राहिली. उरलेल्या तिघी हलल्या नाहीत. त्यांतली जी वयाने मोठी होती तिने जात्यात हळकुंडं टाकली आणि हलक्या आवाजात ओवी सुरू केली. मग पाटावरून माझी चुलत बहीण म्हणाली, "मोठी काकू, कॅन वी स्टार्ट? माझे पाय झोपलेत." कुणीतरी हसलं. जातं फिरलं. हळद जाडीभरडीच दळली गेली.

घरी येताना गाडीत आई म्हणाली, "उद्या लग्नाला मी येत नाही. तू जा."

"का? आज तर..."

"आज त्या पोरीचं होतं. तिला शब्द दिला होता. उद्या तुझ्या काकूचं आहे, तिला तिथे शंभर जणांना तोंड द्यायचंय. तिच्याशी का भांडू मी?"

मला वाटलं होतं, हट्ट म्हणजे सगळीकडे सारखाच असतो.

लग्नाच्या हॉलमध्ये मी बहुतेक वेळ भिंतीपाशी होते. बाबा आणि त्यांची बायको पुढच्या रांगेत होते. जेवणाच्या वेळी आम्ही रांगेत पुढेमागे आलो. बाबांनी "अभ्यास कसा चाललाय?" विचारलं, मी "बरा" म्हटलं. तेवढ्यात मागून एका आजींनी मला विचारलं, "तू कुणाची गं?"

"नवरीच्या मोठ्या काकूंची मुलगी."

आजींनी बाबांच्या बायकोकडे बघितलं आणि हसून म्हणाल्या, "हो का, यांची!"

ती बाई ओशाळली. मला तिचंही वाईट वाटलं. मी म्हणाले, "नाही आजी. माझी आई आज आलेली नाही." आणि आईचं पूर्ण नाव सांगितलं, सासरच्या आडनावासकट.

आजी "असं होय" म्हणून ताटाकडे वळल्या. बाबांची बायको पाणी आणायला गेली. बाबा जरा वेळ माझ्याशेजारी ताट घेऊन उभे राहिले. त्यांचे केस खूप पिकले होते.

"अजून घालते का गं ती मंगळसूत्र?"

"हो."

त्यांनी मान हलवली. मग, रागावून नाही, जरा हळवं होऊन विचारलं, "माझी आठवण काढते?"

मी खोटं बोलू शकले असते. आईसाठी नाही, त्यांच्यासाठी.

"नाही बाबा," मी म्हणाले. "ते तुमच्यासाठी नाहीये."