पुलाखाली बसणारे दाजी

जगात सरळ असं काहीच नाही, अशी माझ्या दाजींची ठाम समजूत होती. भिंती, खांब, रस्ते, पंगतीतली पानं, माणसांच्या डोक्यावरच्या टोप्या, सगळं त्यांना कुठं ना कुठं कललेलं दिसायचं. लातूरला आमच्या घरी ते माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, बघायला आले, तेव्हा अक्का समोर बसली होती आणि हे तिच्या मागच्या भिंतीकडे टक लावून. मग कोटाच्या खिशातून ओळंबा काढला, पाटावर चढून भिंतीशी धरला आणि वडिलांना म्हणाले, "भिंतीनं पोट काढलंय. पावसाळ्याच्या आधी टेकू द्या." हा नकार देण्याचा एखादा नांदेडी प्रकार असावा, असं वडिलांना वाटलं. दिवसभर ते सुतक आल्यासारखे बसून राहिले. संध्याकाळी दाजी टेकूचं लाकूड खांद्यावर घेऊन दारात हजर! तेव्हा कुठं होकार आहे हे आम्हाला कळलं.

नांदेडला त्यांच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. मुलगा शिकला तर वकील होईल, नाही तर गादीवर बसेल, एवढ्या दोनच वाटा त्या घराला ठाऊक. दाजींनी तिसरीच काढली. निजामाचं राज्य, हैदराबादेत शिक्षण उर्दूतलं. दाजी तिथून इंजिनियर होऊन आले, ते कमान, कोन आणि उतार यांवर फक्त उर्दूतच बोलू लागले. अक्का बिचारी नुसती "हाव, हाव" म्हणायची. नांदेडात मात्र बातमी वेगळीच पसरली. "एवढं हैदराबादला धाडलं अन् पोरगं गवंडी होऊन आलं की वो!" असं म्हणत लोक दुकानात येऊन सांत्वन करून जात आणि वडील कापड फाडता फाडता सुस्कारे टाकत.

घरात तर विचारूच नका. अक्कानं जमीन सारवली की हे त्या जमिनीवर तांब्याभर पाणी ओतून ते कुठं वाहतं ते बघणार. लग्नाच्या पंगतीत भाताचं तळं करून वरण अडवणार, एका अंगानं सांडवा काढणार, आणि बांध फुटला तर जेवण थांबवून कारण शोधणार. एकदा यजमान हात जोडून आग्रह करायला आले, तर त्यांनाच म्हणाले, "भात मोकळा झालाय तुमचा. पाणी धरत न्हाई." अक्का कपाळाला हात लावायची. पण माहेरी आली की दाजींच्या गोष्टी सांगताना तिला हसू आवरायचं नाही. मलाही हा माणूस फार आवडायचा.

पुढं तामीरात खात्यात, म्हणजे सरकारी बांधकाम खात्यात, त्यांना हंगामी नोकरी लागली आणि देवणीच्या वाटेवरच्या एका ओढ्याचा पूल त्यांच्याकडे आला. हा त्यांचा पहिलाच पूल. तो बांधून झाला की हैदराबादहून मोठे साहेब येणार, दगडांनी भरलेल्या गाड्या पुलावरून जाताना बघणार. पूल पसंत पडला तर नोकरी कायम, नाही तर नांदेडची गादी. त्यांच्या वडिलांनी गादीला नवी खोळसुद्धा घालून ठेवली होती. दाजींचा स्वतःचा एक नियम होता. ज्यानं पूल बांधला, त्यानं भार जाताना पुलाखाली बसायचं. त्या दिवशी ते सकाळीच कमानीखालच्या कोरड्या वाळूत जाऊन बसले. मी तेव्हा लातूरला मास्तर होतो. रजा काढून गेलो होतो.

वर गाड्यांची रांग लागली. देवणी बैल, अंगावर झुली, गळ्यात घुंगरं. साहेबांनी रुमाल हलवला, पहिली गाडी पुलाच्या तोंडाशी आली आणि तिथंच थांबली. झालं होतं असं, की साहेब येणार म्हणून अक्कानं गावच्या बायकांना घेऊन पहाटे पुलावर रांगोळी घातली होती आणि उत्साहाच्या भरात या टोकापासून त्या टोकापर्यंत लक्ष्मीची पावलं काढली होती. म्हातारा गाडीवान खाली उतरला, जोडे काढून हात जोडून उभा राहिला.

"लक्ष्मी हाय मालक. तिच्यावर बैल कसा घालू? न्हाई जमायचं."

मागचे गाडीवानही उतरले. "गाडियाँ कायकू रुकी?" साहेब घड्याळ बघत गरजले. मी म्हटलं, पुसून टाकू. तर बायका माझ्याच अंगावर आल्या. "आलेली लक्ष्मी पुसून काढता व्हय मास्तर?"

मी पुलाखाली धावलो. दाजी पांढरेफटक पडले होते. इतका वेळ एकही चाक वाजलं नाही, म्हणजे साहेबांना पुलात खोट दिसली, असाच त्यांनी अर्थ लावलेला.

"तडा दिसला का साहेबांना? खरं सांगा मास्तर."

"तडा न्हाई दाजी, रांगोळी!" मी सगळं सांगितलं आणि त्यांना वर यायला विनवलं. ते जागचे हलेनात. "भार गेल्याशिवाय मी उठायचा न्हाई. तुमच्या अक्काला सांगा. तिनं घातलीय, तीच निस्तरील."

अक्कानं घागर मागवली. पुढच्या बैलांच्या पायांवर पाणी घातलं, खुरांना हळदकुंकू लावलं, दोघांना ओवाळलं. मग गाडीवानाला म्हणाली, "बाबा, यांच्याच जिवावर लक्ष्मी घरात येती ना? मग हे काय परके हाईत? हाका आता." म्हातारा घटकाभर घुटमळला. "हाव, ते बी खरंच हाय," म्हणाला आणि जोडे काखेत मारून अनवाणीच बैलांच्या पुढं चालू लागला.

सगळा गाव चाकांकडे बघत होता. मी अक्काला शोधत होतो. ती केव्हाच खाली उतरून दाजींच्या शेजारी वाळूत बसली होती. "वर जा," ते ओरडत होते. "तुमच्यावर पडलं तर माझ्यावर बी पडू द्या," अक्का म्हणाली. डोक्यावरून एकेक गाडी धडधडत गेली. पूल तसूभर हलला नाही, आणि माझ्या दाजींनी सगळा गाव काठावर उभा असताना बायकोचा हात धरला होता. त्या काळात ही केवढी बेअदबी! साहेबांनी पूल पसंत केला. नांदेडच्या गादीवर पुढं धाकटा भाऊ बसला.

निजामाचं राज्य गेलं, खात्याचं नाव बदललं, दाजींनी आणखी पुष्कळ पूल बांधले. प्रत्येक पुलाखाली ती दोघं बसली. अक्का गेली त्यानंतर त्यांचा एकच पूल झाला, बिलोलीकडं. एवढ्या वयाच्या माणसाला एकटं कसं सोडायचं, म्हणून मी सोबत गेलो. आता वरून गाड्यांऐवजी ट्रक जाणार होते. दाजी खाली जाऊन बसले. मी त्यांच्या शेजारी टेकणार, तोच म्हणाले, "मास्तर, जरा पलीकडं बसा."

मी पलीकडं सरकलो. ट्रक जाऊ लागले, कमान घुमू लागली. दाजी वर बघतच नव्हते. शेजारच्या रिकाम्या वाळूवर हात ठेवून ते शेवटचा ट्रक जाईपर्यंत शांत बसून राहिले. मला मात्र रडू आवरलं नाही.