स्लॅबवरची बांधी

आमच्या झोपडीत पाणी साठू द्यायचं नाही, असा आईचा कायदा होता. मलेरियावाला भिंतींवर डी.डी.टी. फवारून गेला आणि साठल्या पाण्यात डास होतात असं जाताना बजावून गेला, तेव्हापासून घागरीसुद्धा रोज घासून उपड्या. माझी धाकटी बहीण तीन वर्षांची. ती वाटीत पाणी घेऊन खेळली तरी आई वाटी ओतून द्यायची. मला ते अति वाटायचं.

आणि बाबांची नोकरी होती पाणी साठवायची. झोपड्यांच्या मागेच कारखान्याच्या नव्या वसाहतीतले सेक्टर दहाचे क्वार्टर उठत होते. नवा स्लॅब पडला की त्यावर मातीच्या पाळी, म्हणजे बुटके बांध, घालून पंधरा दिवस पाणी उभं ठेवायचं, नाहीतर काँक्रीट तडकतं. बाबा भंडाऱ्याकडचे, धान पिकवणारे. शेतात धानाचं पाणी अडवायला पाळींचे चौकोन घालायचे, तशाच बांध्या त्यांनी स्लॅबवर घातल्या. इतरांच्या पाळी फुटायच्या, बाबांचं पाणी हलायचं नाही. सुपरवायझरने पाठ थोपटली, तर बाबा आठवडाभर फुशारून होते. मीही होते.

मग मलेरियावाल्याला त्या पाण्यात डासांच्या अळ्या दिसल्या. त्या मारायला तो पाण्यावर तेल टाकायला निघाला, तसं सुपरवायझरने अडवलं. तेल लागलं की गिलावा धरत नाही. स्लॅबवर तेल नाही, औषध नाही, काही नाही. निदान आठवड्यातून एक दिवस कोरडं ठेवा, मलेरियावाला म्हणाला. तेही चालणार नव्हतं.

"घरातलं पानी मी फेकून राहिली, अन् तुमी तिथं भरून राहिले," आई म्हणाली.

"मंग काय करू? काम सोडून देऊ?"

बाबांना खरंच उत्तर हवं होतं.

महिन्याभरात तीन स्लॅब झाले आणि बहिणीला हुडहुडी भरली. दवाखान्यातल्या कडू गोळ्या गुळात घालून दिल्या, तिने ओकून टाकल्या. तिसऱ्या दिवशी ती आम्हाला ओळखेना. त्या सकाळी बाबांनी फावड्याने आपलीच पाळ फोडली. सुपरवायझर रागावला असता तर बरं झालं असतं. तो समजुतीने बोलला, पोरीचं वाईट वाटतं म्हणाला, आणि दुपारपर्यंत पुन्हा भरून टाक म्हणाला. बाबांनी पाळ पुन्हा घातली, पहिल्यासारखीच पक्की. कच्ची घालायला त्यांचा हात वळला नाही, याचा मला कितीतरी वर्षं संताप होता. आता वाटतं, त्यांना दुसरं येत तरी काय होतं?

दुपारी बहीण गेली. बाबांना सांगायला मला पाठवलं. शिडी चढून वर गेले, तर ते पाइप धरून उभे होते. मी सांगितलं. ते "हो" म्हणाले. बांधी भरली, पाणी पाळीवरून सांडून खाली पडायला लागलं, तरी पाइप त्यांच्या हातात तसाच. त्यांना हात लावायची मला भीती वाटली. मी जाऊन नळ बंद केला.