उष्ट्या शिताने चिकटवलेलं पान

आज घरात पेज शिजत होती आणि नात कॅल्क्युलसच्या वहीतलं चुकलेलं पान फाडत होती. तो वास, तो टर्र आवाज, आणि मी थेट रत्नागिरीत, एकोणीसशे पंचावन्नच्या सुमारास!

कॉलेजात इंटरला कॅल्क्युलसने मला पहिल्याच महिन्यात लोळवलं. गणित चुकलं की मी पान टरकावत असे. वहीचे जवळजवळ पुठ्ठेच उरले, तेव्हा शिक्षण सोडून मुंबईला मामाकडे जायचं ठरवलं आणि गणिताच्या सरांचं पुस्तक परत करायला त्यांच्या घरी गेलो.

सर पेज जेवत होते. माझ्या खिशातला कागदाचा बोळा त्यांना दिसला.

"काय रे ते?"

"चुकलेलं पान, सर. सकाळीच फाडलं."

त्यांनी बोळा मागून घेतला, मांडीवर सरळ केला, ताटलीतली चार शितं त्याच्या कडेला चोळली आणि माझ्या काखेतली वही ओढून पान तिच्यात चिकटवू लागले.

मी ओरडलोच, "सर, वहीला उष्टं? सरस्वती आहे ती!"

"होय रे? सरस्वती फाडलेली चालते, उष्टी नाही चालत?" मग हळूच म्हणाले, "पाय कुठे घसरला ते याच पानावर आहे. तेच टाकलंस तर उद्या तिथेच पडशील."

तेव्हा मला फक्त लाज वाटली. सरांची पेज गार झाली होती, हे आज जाणवतं.

मुंबईला गेलो नाही. ती वही आज नातीपुढे ठेवली. कडा झुरळांनी खाल्ल्यात. चूक मात्र शाबूत आहे.