सुभेदार सरांचा मेक्सिको

राज्यशास्त्राचा कोणताही धडा असो, सुभेदार सरांच्या तासाला वाटेत मेक्सिको लागायचाच. ग्रामपंचायत शिकवतानासुद्धा. फळ्यावर खडूने त्या देशाचा नकाशा काढून, हात झटकून ते म्हणायचे, "चला, फौज उभी करा." मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणायचं, "निंघनी गाडी!"

सर मेक्सिकोला कधी गेले नव्हते. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर एम.ए. करून ते चोपड्याच्या आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे दर जूनमध्ये संस्थेच्या अध्यक्षांची मर्जी असेल तरच तास मिळणार. बाबांच्या बदलीमुळे मी जळगावच्या इंग्रजी शाळेतून तिथे आले होते आणि वर्गात फक्त हजेरीपुरतं तोंड उघडत होते. सरांनी मला कधी उभं करून बोलायला लावलं नाही. एकदा व्हरांड्यात मीच धीर करून विचारलं, "सर, मेक्सिकोच का?"

"पोरी, आपल्या फौजेचं मीठ खाल्लंय मी. तिच्याबद्दल बोलताना जीभ जड होते. दुसऱ्याच्या फौजेबद्दल खरं बोलता येतं."

मेक्सिकोच्या फौजेचं ते कौतुकही करायचे. अमेरिकेचं सैन्य राजधानीत घुसलं तेव्हा टेकडीवरच्या किल्ल्यात लष्करी शाळेतली मिसरूड न फुटलेली पोरं लढली, हे सांगताना ते सावधान उभे राहायचे. भूकंप झाला की लोक त्याच फौजेची वाट बघतात, म्हणायचे. मग आवाज खाली यायचा. १९६८चं तिथलं ऑलिंपिक तोंडावर आलं असताना त्याच फौजेने चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या होत्या. "गणवेश तोच. फक्त समोर उभा माणूस बदलला."

त्या वर्षी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात तुरीच्या ओळींमध्ये लपवलेला गांजा सापडला. चोपड्यात संताप उसळला. आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे आप्पांनी, सभा बोलावली; बाबांबरोबर मीही गेले. ठराव होता: डोंगरात लष्कर पाठवा. तो वाचायला माजी सैनिकच हवा, म्हणून सरांना स्टेजवर बसवलं. आपल्याकडची रीत, आधी शाल-श्रीफळ, मग भाषण. माणूस काय बोलणार हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. फौजी आहे, फौजच मागणार!

सरांनी कागद घडी करून खिशात घातला.

"मेक्सिकोनंही हेच केलं," ते म्हणाले. "नशेच्या टोळ्यांवर फौज सोडली. टोळीचा म्होरक्या पडला की टोळीचे चार तुकडे व्हायचे. काही सैनिक टोळ्यांना जाऊन मिळाले. फौज आली थोड्या दिवसांसाठी, पण बराकीत परतलीच नाही. आजही तिथल्या आया कुदळ-फावडी घेऊन माळरानात आपली बेपत्ता पोरं शोधतात."

खालून कुणीतरी ओरडलं, "ओ सुभेदार, मेक्सिको आठे कोठे उना?"

"उना नही भाऊ! तुम्हीच बलाई राह्यनात!"

तो आला नाही, तुम्हीच बोलावताय, या उत्तरावर हशा पिकला. आप्पा माईककडे झुकले. "सर, सत्कार आम्ही केलाय हो तुमचा. जरा भान ठेवा."

"आप्पा, शाल घेतली, जीभ गहाण नाही टाकली. गांजा दोघांनी लावला असेल, बंदूक बठ्ठ्या गावावर, घराघरावर रोखली जाईल. मी बंदूक धरलेली आहे. तिला घर ओळखता येत नाही."

"मग करायचं काय?"

"पोलिसांना पुरेशी माणसं द्या. गांजा विकत घेणारे बडे धरा, ते डोंगरात राहत नाहीत. उत्तर कंटाळवाणं आहे, मला माहीत आहे. फौजेची गाडी बघायला छान वाटते."

ठराव दुसऱ्याने वाचला. विरोधात कोण, असं आप्पांनी हसत विचारलं. दोन हात वर होते. एक सरांचा. दुसरा माझा, हे मला बाबांनी कोपर मारल्यावर कळलं. तरी तो वरच राहिला; खाली घ्यायचं मी विसरले असं बाबांना वाटलं. मी विसरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य वर्गाच्या दारातच म्हणाले, "सर, जूनपासून तुमचे तास नाहीत. आप्पांचा निरोप आहे. एक माफीपत्र दिलंत तर बोलून बघतो."

"जूनचे तास तुमचे. आत्ताचा माझा आहे," म्हणत सर आत आले आणि फळा पुसू लागले. माफीपत्र त्यांनी दिलं नाही.

आता ते धुळ्याला सैन्यभरतीच्या मुलांना तयार करतात. पहाटे पळवतात, दोरावर चढवतात, मग घामेजलेल्या पोरांना मैदानातच बसवून मेक्सिको सांगतात. मी भेटायला गेले तेव्हा एका मुलाचे वडील भांडायला आले होते. "सर, पोरगं फौजेत जावाले पैसा भरात, अन् तुम्ही हे काय सांगी राह्यनात?"

"आत्ताच ऐकू द्या, नाना," सर शिट्टी गळ्यात अडकवत म्हणाले. "भरती झाल्यावर त्याला फक्त हुकूम ऐकू येतील."