वाटेतल्या माणसाचा वाटा

श्री. सदाशिवभाऊ नान्हे यांची आणि माझी पहिली ओळख बस चुकल्यामुळे झाली. मूल गावच्या स्टँडवर एक बाई बांबूचं सूप विणत बसली होती. तिची बोटं बघण्यात मी इतकी रमले, की गडचिरोलीची बस माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. (त्या सुपाची कड कशी वळवतात ते मला अजून जमलेलं नाही, पण तो विषय वेगळा.) दुसरी बस दोन तासांनी होती. स्टँडमागच्या समाजमंदिरात पंचवीस-तीस माणसं एकच गाणं गात होती, म्हणून मी तिथल्या पायरीवर जाऊन बसले. गाण्याची पट्टी मला उंच पडत होती. मग मी आपली खालच्या सुरात, स्वतःपुरती गुणगुणू लागले.

आतून एक गृहस्थ बाहेर आले. चष्म्याला सुतळी, काखेत लांबडं रजिस्टर.

"नाव काय?"

"कोणाचं?"

"तुमचं. तुमी गाऊन राह्यल्या, अन् हजेरीत नाव नाई. हे चालत नाई."

"मी सभासद नाई, भाऊ. बसची वाट पाहून राह्यली."

"मंग गाऊन काऊन राह्यल्या?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही. भाऊ मात्र थांबले नाहीत, माझ्या तोंडून नाव काढून घेतलं. त्यांनी तिथंच उभ्याउभ्या लिहिलं, 'रुक्मा कोवे, पायरीवर हजर.' आणि मी बोडीकाठ (बोडी म्हणजे लहान तळं) समूहगान मंडळाची सभासद झाले. व्हायचं का, असं मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

भाऊंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त हा गौरवअंक निघतो आहे. मंडळाच्या अध्यक्ष रझियाबाई यांचं बाजारात शिलाईचं दुकान आहे. त्यांनी मला कापड कापता कापता सांगितलं, "दोन पानं लिही. आदरानं लिही. अन् मधातच गावोगाव फिरू नोको." मी नववीत शाळा सोडलेली, त्यामुळं लिहिण्याची सवय कमी आणि फिरण्याची जास्त, सांभाळून घ्यावं. पण एक गोष्ट आधी सांगायला हवी. पंचाहत्तरीचं कारण देऊन भाऊंनी सचिवपदाचा राजीनामा दिला आहे. येत्या रविवारच्या सभेत तो मंजूर करायचा की नाही हे ठरायचं आहे. म्हणजे हा लेख मी निरोपाचा लिहिते आहे की कशाचा, हेच मला ठाऊक नाही, आणि ह्यालाही भाऊच जबाबदार आहेत.

भाऊ गात नाहीत. इतक्या वर्षांत एकदाही गायले नाहीत. "मले आवाज नाई," म्हणतात. ठराव वाचताना तोच आवाज स्टँडच्या पलीकडे पानठेल्यापर्यंत जातो. मंडळात येण्यापूर्वी ते आपल्या गावच्या मच्छीमार संस्थेचे सचिव होते. तिथून ते दोन गोष्टी घेऊन आले: रजिस्टर आणि शिस्त. आमचा सराव रविवारी सकाळी दहाला असतो. पण मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून कायम केल्याशिवाय कोणालाही 'सा' लावता येत नाही. इतिवृत्तात सगळं असतं. 'रझियाबाईंना शिंक आल्याने दुसरे कडवे पुन्हा घेण्यात आले.' हे आम्ही पंचवीस माणसं गंभीर चेहऱ्यानं ऐकतो आणि हात वर करून कायम करतो. तोवर पेटीवाल्याचा डोळा लागलेला असतो.

एकदा आमचे गाणं बसवणारे गेडाम सर खरोखर चिडले. एका ओळीच्या शेवटचा सूर आदल्या रविवारी त्यांनी चार मात्रा लांबवला होता, आणि आज त्यांना तो तीनच हवा होता.

"ठरावात चार आहेत," भाऊ म्हणाले.

"भाऊ, सूर लांबवायचं ठरावात काऊन टाकलं तुमी?"

"तुमीच म्हणाले चार. आता तीन म्हणून राह्यले. ठराव बदलल्याबिगर तीन कशा होतीन?"

"गाणं आहे ते! जमिनीचा फेरफार नाई!"

"म्हणूनच. फेरफार तलाठ्याकडं जाऊन सुधारता येते, सर. गाणं एकदा पंचवीस तोंडात गेलं का मंग कोणाकडं जाता?"

मतदान झालं. बरोबरीत सुटलं. त्या दिवशी अर्ध्यांनी तीन मात्रा गायल्या आणि अर्ध्यांनी चार, आणि भाऊंनी तेही शांतपणे लिहून घेतलं.

ह्याहून मोठा छळ म्हणजे आमची नियमावली. मंडळाची नोंदणी करताना नियम हवे होते. भाऊंनी मच्छीमार संस्थेचे नियम समोर ठेवून एका बैठकीत उतरवून काढले. 'मच्छीमार' असेल तिथं 'गायक' केलं, 'तळे' असेल तिथं 'गाणे' केलं, आणि बाकीचं घाईत तसंच राहिलं. त्यामुळे 'गाण्यात विष कालवणाऱ्यास कायमचे काढून टाकावे' हा आमचा अधिकृत नियम आहे. 'बारीक भोकांचे जाळे वापरू नये' हाही आहे. जाळं शोधूनही मंडळात सापडायचं नाही. आणि 'अंडी घालण्याचा काळ असल्याने पावसाळ्याचे दोन महिने गाणे बंद ठेवावे' ह्या नियमापायी आम्ही दर पावसाळ्यात दोन महिने खरोखरच गात नाही. गेडाम सरांनी एकदा विचारलं, "अंडी कोण घालते आपल्यात?" भाऊ म्हणाले, "नियम छापून झाला आहे."

नववा नियम मात्र मी तेव्हा वाचला नव्हता.

दोनेक वर्षं मी मंडळात गायले. बायकांत इतक्या खालचा सूर लागणारी मी एकटीच, म्हणून सरांनी मला पुरुषांच्या ओळीत उभं केलं होतं. मग एका हिवाळ्यात कोरपन्याकडं कापूस वेचायला माणसं हवीत असं कळलं, आणि मी गेले. कोणाला सांगितलं नाही. सांगायचं ते राहून जातं माझं. तिथून मोहफुलं वेचायच्या दिवसांत धानोऱ्याला, मग आलापल्लीला जंगलकामाच्या मजुरांचा स्वयंपाक करायला, मग थेट सिरोंच्याला एका मावशीच्या इडलीच्या गाड्यावर. चौदा महिने झाले. ह्या चौदा महिन्यांत भाऊंनी मला एकही रविवार सुखानं घालवू दिला नाही. सकाळी दहाला फोन वाजायचाच. मी ओटीत कापूस घेऊन वाकलेली असो की इडलीपात्रातल्या वाफेत हात असो.

"रुक्माबाई, कुठी पोचल्या?"

"पोचली नाई, भाऊ. कोरपन्याले आहो. इथीच आहो आता."

"हव हव. लिवतो."

काय लिहितात, हे मी कधी विचारलं नाही. वाटायचं, ऐकू कमी येतं, वय झालं. सिरोंच्याहून तर मी ओरडून सांगितलं, "भाऊ, मी परत येत नाई! तिकडं आंध्र-तेलंगण लागलं आता!"

"सिरोंच्याहून मूलले येणारी सडक आहे का नाई?"

"आहे."

"मंग?" आणि फोन ठेवला.

आलापल्लीला मला ताप आला होता तेव्हा तीन बसा बदलून भाऊ स्वतः आले. एका हातात उकडलेल्या शिंगाड्यांचा डबा, दुसऱ्या हातात रजिस्टर. म्हणाले, "मागच्या वर्षीच्या एका इतिवृत्तावर तुमची सही राहून गेली होती." मी गोधडीतून हात काढून सही केली. भाऊंनी शिंगाडे सोलून माझ्यापुढं ठेवले, मी खाल्ले की नाही ते पाहिलं, आणि ते परतीच्या बसला निघाले. घरी चल, गायला ये, असं एक अक्षर बोलले नाहीत. माणूस काही बोलला तर त्याच्याशी भांडता तरी येतं.

शेवटी मीच वैतागून मूलला आले. गायला नाही. मंडळाची हिरवी साडी परत करायला आणि नाव कमी करून घ्यायला. म्हटलं, एकदाचं तोडून टाकू म्हणजे रविवार मोकळे होतील. मी समाजमंदिराच्या पायरीवर पोचले तेव्हा आत कार्यकारिणीची बैठक चालू होती आणि विषय मीच होते.

"चौदा महिने!" गेडाम सर म्हणत होते. त्यांचं चुकत नव्हतं. कार्यक्रम तोंडावर आला होता आणि खालच्या सुराची ओळ अर्धी रिकामी होती. "भाऊ, नियम तुमचाच आहे. सलग तीन वेळा गैरहजर, नाव कमी. मले दुसरी बाई घेऊ द्या."

"गैरहजर कुठी आहे?" भाऊंनी रजिस्टर त्यांच्याकडं फिरवलं. "वाचा."

सर वाचू लागले. "वाटेत. वाटेत. वाटेत... हे काय हो भाऊ? पानंच्या पानं वाटेत?"

"नियम नऊ. पुढचं वाक्य वाचा."

रझियाबाईंनी नियमावली काढून वाचलं: "'मात्र जाळे ओढतेवेळी जो सभासद वाटेत असेल, त्याचा वाटा राखून ठेवावा.' अवो भाऊ, हे मासोळीचं आहे!"

"हव, मासोळीचंच आहे. आमच्या बोडीवर जाळं ओढलं का काठावर वाटे पडत. सगळ्याईचे वाटे झाले का एक वाटा पळसाच्या पानावर बाजूला राहे. कोण यायचं राहिलं ते कोणी विचारत नव्हतं. घरून निघाला असंन, येईन. आमच्या बुढ्यानं तसंच केलं, मीबी तसंच केलं."

"चौदा महिन्याची वाट असते का कुठी?"

"तुमी सिरोंच्याची सडक पाहिली नाई, सर."

सगळे हसले. सरही हसले. मी हसले नाही, कारण माझ्या हातात साडीची पिशवी होती आणि मला काय करावं ते सुचत नव्हतं. भाऊंनी चष्म्यावरून पाहिलं.

"आल्या? बसा. मागचं इतिवृत्त वाचायचं आहे."

"भाऊ, मी नाव कमी कराले आली."

भाऊंनी रजिस्टर आपल्याकडं ओढून घेतलं.

"अर्ज लेखी पाहिजे," भाऊ म्हणाले.

मी लिहूनच आणला होता. त्यांनी तो घेतला, सावकाश वाचला, आणि परत केला. "तारीख नाई. तारीख टाकून पुढच्या रविवारी आणा. तवर बसा आपल्या ओळीत."

पुढच्या रविवारी मी तारीख टाकून नेला. "दोन प्रती लागतात." त्याच्या पुढच्या रविवारी दोन प्रती नेल्या. "दुसऱ्या प्रतीवर सही नाई." मला इतका राग आला, की त्या दिवशी माझा खालचा सूर फार चांगला लागला असं सर म्हणाले. चौथ्या रविवारी कार्यक्रम झाला. त्या गर्दीत अर्ज कुठं गेला कोण जाणे. मी त्यानंतरही फिरते, पुढंही फिरेन. पण आता कुठंही असले तरी रविवारी दहाच्या सुमारास फोन हातात घेऊनच बसते, आणि ही सवय मला कोणी लावली हे सांगायला नको.

असे हे भाऊ. ठराव, प्रती, सह्या, इतिवृत्त. त्यांच्यापायी आमचे किती रविवार वाया गेले असतील ते त्यांच्याच रजिस्टरात बघावं लागेल. आणि आता तेच म्हणतात, वय झालं, गुडघे चालत नाहीत, पद सोडतो. काल रझियाबाईंनी मला दुकानात बोलावून त्यांचा राजीनामा दाखवला. "तुले अर्जाचा लई अनुभव आहे. पाह्य जरा." चार ओळी आहेत. अक्षर पहिल्यासारखं रेखीव नाही, ओळ खाली उतरत गेली आहे. मी दोनदा वाचला.

तारीख नाही.

घाईत राहिली की मुद्दाम ठेवली, हे आम्ही दोघींनी एकमेकींना विचारलं नाही. रझियाबाईंनी कात्री खाली ठेवली आणि म्हणाल्या, "रविवारी तूच वाच सभेत. तुह्या आवाजात. खालच्या."

तेव्हा ह्या अंकाच्या वाचकांना आणि स्वतः भाऊंना आदरपूर्वक कळवते, की येत्या रविवारी सभासद रुक्मा कोवे तो अर्ज त्रुटीसह परत करण्याची सूचना मांडणार आहे. गेडाम सर अनुमोदन देणार आहेत. भाऊंनी तारीख टाकून तो त्याच्या पुढच्या रविवारी आणावा. मग दोन प्रती लागतील. मग दुसऱ्या प्रतीवरची सही आम्ही बारकाईनं तपासू. मध्ये पावसाळ्याचे दोन महिने येतील, त्यात नियमानुसार काहीच करता येत नाही. आमच्याकडं त्रुटींची कमतरता नाही. त्या काढायला आम्ही चांगल्या हाताखाली शिकलो आहोत. त्या सगळ्या दुरुस्त करायला भाऊंना दणकट गुडघे, स्वच्छ नजर आणि पुष्कळ वर्षं लागतील. तेवढी त्यांना मिळोत, आणि एखादी त्रुटी तरीही शिल्लक राहो.

आणि पुढंमागं एखाद्या रविवारी गुडघ्यांपायी दहाला पोचता आलं नाही, तर काळजी करू नये. रजिस्टर मी उघडेन. त्यांच्या नावापुढं काय लिहायचं ते मला पाठ आहे. लिहिण्याआधी फोन मात्र करेन: "भाऊ, कुठी पोचले?"