पाचवा बांगडा

"अर्धा घेता?"

संस्थेने माझी बदली रेवदंड्याच्या हायस्कूलात केली, त्या पहिल्याच आठवड्यात मासळी बाजारात कुणीतरी माझ्या कानाशी हा प्रश्न विचारला. वळून पाहिलं. सत्तरीचे सडपातळ गृहस्थ, धुऊन धुऊन पिवळट झालेला पांढरा शर्ट, काखेत घडी घातलेली कापडी पिशवी. उजव्या हाताचा पंजा त्यांनी बांगड्यांच्या ढिगावर सुरीसारखा आडवा धरला होता. तो बरोब्बर मधोमध होता.

ज्यांनी आमच्याकडचा बाजार पाहिला नाही त्यांना सांगायला हवं. कोळीण इथे मासळी तोलून देत नाही, वाटे लावते. पाच बांगडे, दहा-बारा बोंबील, मूठ-दोन मुठी मांदेली, असा एकेक ढीग म्हणजे वाटा. हा वाटा ती मोडत नाही. घरात चार तोंडं असली तर प्रश्नच नाही. पण एकट्या माणसाने, ज्याच्याकडे फ्रीज नाही, त्याने पाच बांगड्यांचं करायचं काय? म्हणून हे गृहस्थ बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी आठ वाजता कोळणीच्या पाटीशेजारी उभे राहत आणि दुसरा एकटा माणूस यायची वाट बघत.

मी "घेतो" म्हणालो. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि भर बाजारात म्हणाले, "जीभ दाखवा."

का कोण जाणे, मी दाखवली. कोळीण हसून हसून मागे कलली.

"किती दिवस बाहेरचं खाताय?"

"आठ-नऊ दिवस झाले."

"वाटलंच. डोस चुकलाय तुमचा."

ते कंपाउंडर होते. गावातल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात चाळीसएक वर्षं त्यांनी पुड्या बांधल्या, बाटल्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. डॉक्टर गेले, दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, पण गावाने त्यांना दुसरं नाव दिलं नाही. लहानथोर सगळे 'कंपाउंडर'च म्हणत. मीही तेच म्हणत आलो, इथेही तेच म्हणतो.

वाटणी करायचं काम त्यांचं. दोन बांगडे इकडे, दोन तिकडे. राहिला पाचवा. तो कोळणीने विळीवर मधोमध कापायचा. डोक्याकडचा तुकडा त्यांचा, शेपटाकडचा माझा. "डोकं खायला सवड लागते," ते म्हणाले, "तुम्हाला शाळा आहे." पुढची चार वर्षं हा नियम कधी बदलला नाही. एकदा मी म्हटलं, आज पाचवा अख्खा तुम्हीच घ्या. तर त्यांनी मी विषाची मात्रा सुचवल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

माझी बायको आणि मुलगी पनवेलला. मुलीच्या कॉलेजपायी दोन घरं चालवायची, म्हणून इथे एक खोली, एक गॅसची शेगडी, दोन पातेली. मी तोवर चहाच्या पलीकडे काही केलं नव्हतं. कंपाउंडरांनी मला शिकवलं. आधी मसाल्याचं. रविवारी ते जमिनीवर वर्तमानपत्र पसरत, त्यावर तिखट, हळद, मसाला यांचा लांबट ढीग करत आणि पोस्टकार्डाच्या कडेने त्याचे सात सारखे भाग पाडत. मग प्रत्येकाची पुडी. "एक दिवस, एक पुडी. हात सैल सुटत नाय आणि महिनाअखेर डबा रिकामा दिसत नाय." मी गणित शिकवतो, पण नजरेने सात भाग करणं मला अजून जमलेलं नाही.

नारळाचंही तसंच. एका माणसाने नारळ फोडला की अर्धा वाया. म्हणून फोडायचा त्यांनी, एक वाटी माझ्याकडे पाठवायची. पुढच्या वेळी उलट. भात एवढाच टाकायचा की सकाळी फोडणीला मूठभर उरेल, त्याहून जास्त नाही. आंबटाला आमसूल शेवटी. मासळी नसेल त्या दिवशी कुळथाचं पिठलं. आणि जेवायचं ते ताट घेऊन, मांडी घालून. एकदा मला पातेल्यातूनच खाताना त्यांनी दारातून पाहिलं.

"काय ओ सर, मांजर आहे का घरात?"

"नाही. का?"

"मग पातेल्यात तोंड कोणाचं?"

तेव्हापासून मी ताट घेतो.

मात्र त्यांच्या हातचं सगळंच छान होतं असं नाही. भाकरी त्यांना शेवटपर्यंत जमली नाही, त्यांची भाकरी म्हणजे औषधाची गोळी, पाण्याबरोबर ढकलायची. मीठ ते इतकं मोजून घालत की ते नेहमी थोडं कमीच पडे. मी वरून घेतलं की म्हणत, "घ्या, घ्या. बी.पी. तुमचं."

पोपटीचे, म्हणजे वालाच्या ओल्या शेंगा मडक्यात भाजून खायचे दिवस संपले की बाजारात सुके वाल येत. त्यांना बिरडं फार आवडे. भिजवून मोड आणलेले वाल घेऊन ते संध्याकाळी आपल्या खोलीच्या पायरीवर बसत आणि मला हाक मारत. एकटे कधी सोलत नसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "वाल सोलायला दोघं लागतात, सर. एकटा सोलायला बसला की माणूस विचार करायला लागतो."

बायको जाऊन त्यांना पंधरा-सोळा वर्षं झाली होती. एक मुलगी, बडोद्याला. सासर गुजराती, घरात अंडंही चालत नाही. मुलगी प्रेमळ. दर चार दिवसांनी तिचा फोन येई आणि एकच विषय असे, बाबा, इकडे राहायला या. अशाच एका संध्याकाळी वाल सोलताना त्यांचं बोलणं माझ्या कानावर पडलं. फोन ते तोंडासमोर आडवा धरून ओरडत, त्यामुळे न ऐकणं शक्यच नव्हतं.

"एकटा कुठे जेवतो गं मी? सर आहेत की. … हो, रोज नाय, पण वाटा अर्धा-अर्धा असतो आमचा. … तिकडे येऊन मी अर्धं कोणाबरोबर करू?"

फोन ठेवून ते माझ्याकडे बघून हसले. "तुमचं नाव पुढे केलं की गप बसते."

हे मी मुद्दाम सांगतोय. कारण पुढे जे केलं ते मी न कळून केलं, असं म्हणायची सोय मला नाही. ते गावात राहतात ते कशाच्या आधारावर, हे मला माहीत होतं.

पाचव्या वर्षी पनवेलच्या घरी नवा फ्रीज घेतला आणि जुना टेंपोत घालून माझ्याकडे आला. माझा आनंद काय सांगू! बुधवारी अख्खा वाटा घ्यायचा, साफ करून डब्यात ठेवायचा, शनिवारपर्यंत बाजाराचं नाव नको. त्याच सुमारास मी सकाळी साडेसातला दहावीच्या शिकवण्याही सुरू केल्या. आठ वाजता बाजारात जाऊन, पंजा मध्यभागी येईपर्यंत थांबून, पाचवा कापून घ्यायला वेळ कुठला?

पहिल्या शुक्रवारी मी त्यांना सांगितलं, "आज नको, घरात आहेत."

"काय आहेत?"

"बांगडे. परवाचे."

"परवाचे?"

संध्याकाळी ते फ्रीज बघायला आले. दार उघडून त्या पांढऱ्या उजेडात बराच वेळ उभे राहिले. एखाद्या रोग्याच्या कपाळाला लावावा तसा हात त्यांनी आतल्या डब्याला लावला. मग दार अलगद बंद केलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "आता तुम्हाला कोणासाठी खोळंबायला नको."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो आणि कदाचित सगळं ठीक झालं असतं.

त्यानंतर मी बुधवारी सातलाच बाजारात जाऊ लागलो, पहिल्या पाट्या उतरायच्या वेळी. परत येताना सरळ रस्त्याने त्यांची खोली लागते, म्हणून मी वाड्यांमधल्या पायवाटेने येऊ लागलो. वाटेत भेटलेच तर "शिकवण्या, परीक्षा" असं पुटपुटत सायकल पुढे काढायची. नारळाची वाटी दोनदा आली. मी परत पाठवायची विसरलो. तिसऱ्यांदा आली नाही.

एका शुक्रवारी शिकवणी रद्द झाली म्हणून मी आठच्या सुमारास बाजारासमोरच्या दुकानात दूध घ्यायला थांबलो होतो. पलीकडे कंपाउंडर उभे होते. काखेत पिशवी, पंजा ढिगावर आडवा. समोर मुंबईहून आलेलं एक कुटुंब, गाडी तिथेच लावलेली.

"अर्धा घेता?" त्यांनी त्या तरुण माणसाला विचारलं.

त्याला काही कळलं नाही. त्याने पिशवीकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं, आणि मनापासून म्हणाला, "काका, अख्खा घ्या ना. पैसे मी देतो."

तो वाईट माणूस नव्हता. कंपाउंडरांचा पंजा ढिगावरून उचलला गेला. "नको, नको, तसं नाय," एवढंच ते म्हणाले. पिशवी उलगडून त्यांनी पुन्हा घडी घातली, ती नीट बसेना म्हणून परत उलगडली, आणि काही न घेता निघाले.

मधे रस्ता होता, दहा पावलांचा. मी नुसता ओलांडून गेलो असतो आणि "घेतो" म्हणालो असतो तरी पुरे होतं. मी दुकानातल्या बिस्किटांच्या बरण्यांकडे तोंड करून उभा राहिलो, ते दिसेनासे होईपर्यंत. तुमच्यापैकी कुणी असं कधी उभं राहिलं असेल, तर त्या बरण्या किती वेळ बघाव्या लागतात हे त्याला माहीत असेल.

दिवाळीनंतर त्यांच्या मुलीचा मला फोन आला. "सर, बाबा बारीक झालेत. व्हिडिओवर दिसतं. विचारलं की म्हणतात, सर असतात जेवायला. खरं सांगा, असता ना तुम्ही?"

'हो' म्हणता आलं असतं, आणि त्या संध्याकाळपासून ते खरं करता आलं असतं. मी म्हणालो, "वय झालंय त्यांचं. मला हल्ली वेळ होत नाही. तुमच्याकडे असले तर बरं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण तिकडे ते गेले की मला सरळ रस्त्याने येता येईल, हे बोलताना माझ्या मनात होतं.

जानेवारीत मुलगी त्यांना न्यायला आली. आदल्या संध्याकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. हातात पुड्या, दोऱ्याने एकत्र बांधलेल्या. "सात आहेत. आठव्या दिवसापासून तुमचं तुम्ही."

"आत या ना," मी म्हटलं.

"नको, बांधाबांध आहे." मग चपलेकडे बघत म्हणाले, "पोरगी सांगत होती, तुम्हीही तिला मला ने म्हणून सांगितलंत. बरोबर सांगितलंत. खोटं किती दिवस चालवणार?"

ते माझ्या खोट्याबद्दल बोलत होते की स्वतःच्या, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही. मी पुड्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. शिकवणी संपवून मी बाजारावरून जात असताना कोळणीने हाक मारली. "ओ सर! इकडं या. तुमचं ठेवलंय."

तिने बर्फाखालून एक पिशवी काढली. आत दोन बांगडे होते आणि तिसऱ्याचा अर्धा तुकडा, शेपटाकडचा.

"कंपाउंडर गेलं मगाशी. रिक्षा थांबवून उतरलं. पोरगी आतनं ओरडतेय, बाबा गाडी चुकंल. ऐकतंय कोण! आख्खा वाटा घेतलान, मला बोललं, पाचवा काप."

"आणि त्यांचा अर्धा?"

"तो मलाच दिलान. बोललं, बाय, आज माझा तू खा. पन डोकं टाकू नको, नीट सवडीनं खा."

मी घरी आलो. ते बांगडे फ्रीजमध्ये ठेवले नाहीत. एक पुडी सोडली, आमसूल शेवटी घातलं, ताट घेतलं. मीठ कमी पडलं होतं. वरून घेतलं नाही.

माणूस गेल्यावर असं लिहायची रीत आहे. कंपाउंडर गेलेले नाहीत, बडोद्याला आहेत. मुलीचा नंबर माझ्याकडे आहे. फोन लावला तर ते तोंडासमोर आडवा धरून ओरडतील, "काय सर, जीभ कशी आहे?" म्हणूनच लावत नाही. सहा पुड्या तशाच बांधलेल्या आहेत.

शिकवण्या संध्याकाळवर ढकलून मी आता पुन्हा आठ वाजता जातो. वाटा अख्खाच घेतो. कोळीण पहिले चार साफ करून बाजूला ठेवते, पाचवा विळीवर मधोमध धरते आणि दर वेळी मान वर करून माझ्या शेजारी बघते, तिथे पिशवी काखेत घेऊन कुणी उभं असल्यासारखं.

"कापू?" ती विचारते.